हॉलपण वाजत असतो

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'उम्मागुम्मा' कधीतरी हेडफोन लावून सलग ऐकून बघा. १९६९ चा डबल अल्बम, दोन रेकॉर्ड, पहिली अख्खी लाइव्ह आणि दुसरी अख्खी स्टुडिओतली. लाइव्हवालं रेकॉर्डिंग बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबमधलं आणि मँचेस्टरच्या कॉलेज ऑफ कॉमर्समधलं, आणि स्टुडिओवाली रेकॉर्ड बँडमधल्या चौघांनी अर्धी अर्धी बाजू वाटून घेतलेली, ज्याने त्याने आपापल्या अर्ध्या बाजूवर काय हवा तो धिंगाणा घाला (माझं विचाराल तर लाइव्ह रेकॉर्ड कितीतरी भारी आहे, दुसरीत रॉजर वॉटर्सने प्राण्यांचे आवाज काढलेत ते एकदा ऐकायला मजा येते, दुसऱ्यांदा नाही). पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की पहिली रेकॉर्ड संपून दुसरी सुरू झाली की कानाला लगेच कळतं जागा बदलली. टाळ्या आणि शिट्ट्या कापून टाकल्या तरी कळेल. माणसं तीच, वाद्यं बरीचशी तीच, मग कळतं कशावरून?

तर खोलीवरून. साधारण २० अंश सेल्सिअसला आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलीसेकंदात ३४ सेंटीमीटर, म्हणजे फुटापेक्षा जरासं जास्त. ड्रमवर काठी पडली की आवाज आधी सरळ आपल्याकडे येतो आणि मग भिंती, छत, जमीन यांच्यावर आपटून परत परत येत राहतो. मागची भिंत स्टेजपासून २० मीटरवर असेल तर जाऊन येऊन ४० मीटर झाले, म्हणजे ड्रमरला स्वतःचाच ठोका जवळपास ११७ मिलीसेकंदांनी परत ऐकू येतो, आणि एवढ्या वेळात पुढचा ठोका यायला आलेला असतो! छोट्या खोलीत हे सगळे परतीचे आवाज इतक्या लगेच येतात की मेंदू त्यांना वेगळं मोजतच नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये हे नीट तपासलं होतं, ढोबळमानाने ३०-४० मिलीसेकंदांच्या आतला परतीचा आवाज आपल्याला प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, आवाज फक्त जरा भरल्यासारखा वाटतो.

आवाज किती वेळ घुमत राहतो त्याचं गणित त्याच्याही आधीचं आहे आणि ती गोष्ट मला फार आवडते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियमचं नवं लेक्चर हॉल बांधून तयार झालं आणि त्यात बोललेलं कोणाला समजेना, शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोपर्यंत पुढचे दहा-बारा शब्द येऊन त्यात कालवले जायचे. हे निस्तरायचं काम वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. त्याने काय केलं, तर रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून हॉलमध्ये आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत वेळ मोजायची, मग अजून गाद्या, परत मोजणी, आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. एवढ्या हमालीतून निघालेला नियम एकदम साधा आहे, खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी वेळ. आजही घुमण्याचा काळ म्हणजे आवाज ६० डेसिबल पडायला लागणारा वेळ असंच धरतात, ६० डेसिबल म्हणजे ऊर्जा दहा लाखाव्या भागावर येणं.

आणि आवाज शोषण्यात माणसं गाद्यांपेक्षा मागे नसतात. म्हणून संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक करून सगळं सेट करावं आणि रात्री हॉल भरल्यावर आवाज वेगळाच वाटावा, हे होणारच, कारण मधल्या वेळात कपडे घातलेली शेकडो शोषकं आत येऊन उभी राहिलेली असतात. म्हणजे लाइव्ह रेकॉर्डवर पब्लिक ओरडताना तर ऐकू येतेच, पण गप्प असतानाही ऐकू येते, आवाज लवकर विरतो त्या रूपात.

दुसरी भानगड माइकची. स्टेजवर गायकाच्या माइकमध्ये ड्रम शिरतो, ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरते, कोणी कोणाचं ऐकत नाही. समजा एकच आवाज दोन माइकमध्ये गेला आणि दोघांच्या अंतरात एक मीटरचा फरक आहे, तर एकाकडे तो साधारण २.९ मिलीसेकंद उशिरा पोचणार, आणि दोन्ही एकत्र मिसळले की १७१ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १७१ कंपनं) आसपास एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यावर पडून दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, मग तिप्पट, पाचपट अशा वरच्या जागीपण तेच. लाइव्ह आवाज किंचित पोकळ, धुरकट वाटतो त्यातला बराचसा भाग हा असतो. म्हणून तर गायक माइक अगदी ओठांना लावून गातात, मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि त्या मानाने मागचा गोंधळ दबतो.

स्टुडिओत नेमकं उलटं. तिथे खोली जमेल तितकी मुकी करायची, एकेक वाद्य वेगळं घ्यायचं आणि घुमणं नंतर चवीपुरतं टाकायचं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यासाठी वेगळ्या रिकाम्या खोल्याच होत्या, आत एक स्पीकर आणि माइक ठेवायचा, रेकॉर्ड झालेलं गाणं आत सोडायचं आणि घुमलेलं बाहेर घ्यायचं. १९५७ पासून जर्मन ईएमटी कंपनीची प्लेट मिळायला लागली, म्हणजे साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला, त्याला थरथरवायचं आणि ती थरथर परत उचलायची. आता गंमत बघा, गायकाला असा पत्रा, ड्रमला ती रिकामी खोली आणि बासला काहीच नाही, असं करून जी जागा तयार होते ती जगात कुठे असूच शकत नाही! लाइव्हमध्ये सगळे एकाच हवेत वाजवतायत आणि सगळ्यांवर त्याच भिंतींचा शिक्का आहे. कान बहुतेक हाच फरक पकडतो.

क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचा 'व्हील्स ऑफ फायर' (१९६८) पण असाच, एक रेकॉर्ड स्टुडिओची, एक लाइव्ह. लाइव्हवालीवर फिलमोरचं नाव छापलंय पण फिलमोरमधलं त्यात फक्त 'टोड', बाकीचं विंटरलँडचं, दोन्ही हॉल सॅन फ्रान्सिस्कोतलेच म्हणा. 'टोड' हा क्रीमचा ड्रमर जिंजर बेकरचा ड्रम सोलो, पहिल्या अल्बमवर पाच मिनिटांचा होता तो इथे सोळा मिनिटांवर गेलाय. अशा वाजवण्याला डबल अल्बमच लागतो, कारण बारा इंची रेकॉर्डची एक बाजू चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटं पुरते. रेकॉर्डवर आवाज खाचेत कोरलेला असतो, त्यात बासची (म्हणजे खालच्या जाड सुरांची) खाच जास्त डोलते, तिला जागा लागते, म्हणून खाच कापतानाच बास कमी करतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो परत भरून देतो, तरीपण आवाज मोठा ठेवला की मिनिटं कमी होतातच.

अजून एक लोच्या आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे कायम ठेवते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि मधल्या लेबलजवळ फक्त २१ च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा, त्यात झांजांसारखे बारीक आवाज आधी फाटतात. आणि 'टोड' आहे चौथ्या बाजूच्या शेवटी, म्हणजे सोलो संपवून सगळे मिळून जोरात शेवट करतात तेव्हा सुई बरोब्बर त्या अडचणीच्या जागी पोचलेली असते.