फिल्टर किलोमीटर मोजत नाही

मागच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमधल्या मुलाने एअर फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. घड्यांच्या फिक्या कागदाचा रंग सिमेंटच्या पोत्यासारखा झाला होता. "काका, बावीस हजारच झालेत. हवा मारून देतो, चाळीसपर्यंत आरामात जाईल," तो म्हणाला. त्याचं चुकलं असं नाही. एअर फिल्टर ३० ते ४० हजार किलोमीटरला बदला, असंच बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण धुळीच्या रस्त्यांवर गाडी चालत असेल तर त्याआधीच बदला, हेही त्याच पानावर बारीक अक्षरात असतं. मी ठाण्यातल्या कासारवडवलीहून नवी मुंबईतल्या महापेला जातो. मेट्रोच्या कामात अडकलेला घोडबंदर रस्ता, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता असा माझा रोजचा प्रवास. ते बारीक अक्षर ठाणेकरांसाठीच छापलंय असं मला वाटतं.

किलोमीटर हे माप इथे कमी का पडतं, ते हिशेबाने बघू. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा साधारण ११ किलो. आपल्याकडच्या उकाड्यात एवढी हवा ९ हजार लिटरहून जास्त जागा व्यापते. एक माणूस दिवसरात्र मिळून जेवढा श्वास घेतो, साधारण तेवढी हवा इंजिन एका लिटरमागे ओढतं.

आता मोकळ्या महामार्गावर गाडी लिटरला १८ चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर ३० हजार किलोमीटरला सुमारे १,६७० लिटर पेट्रोल लागेल. तीच गाडी घोडबंदरच्या रांगेत १० वर आली की तेवढ्याच अंतराला ३ हजार लिटर. फिल्टरमधून गेलेली हवाही जवळजवळ दुप्पट, कारण सिग्नलला उभ्या गाडीचं किलोमीटरचं मीटर थांबलं तरी इंजिनचा श्वास चालूच असतो. त्यात आपली हवा महामार्गापेक्षा धुळकट. म्हणून एअर फिल्टरचा हिशेब पेट्रोलच्या लिटरमध्ये ठेवावा. तो खरा हिशेब.

या हवेत धूळ असते तरी किती? पीएम १० म्हणजे हवेत तरंगणारे १० मायक्रॉनपर्यंतचे कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांच्यासाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. रस्त्यावर दुप्पट धरू. ३ हजार लिटर पेट्रोलबरोबर सुमारे २८ हजार घनमीटर हवा गेली, म्हणजे ५-६ ग्रॅम धूळ. जेमतेम चहाचा एक चमचा. डंपरच्या मागे अडकलात तर त्याच्या कितीतरी पट. फिल्टरला एक चमचा काहीच नाही, इंजिनला मात्र तो फार महागात पडतो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. पारसिकच्या डोंगरात, तुर्भ्याच्या खाणींत तोच फोडला गेला आणि बांधकामावरची क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळूही त्याचीच. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोहच्या १ ते १० च्या मापावर ६ आहे, आणि पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचा ३ च्या आसपास. पिस्टन आणि सिलिंडरमधल्या तेलाच्या पातळ थरात हे कण शिरले, की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात.

फिल्टर ही धूळ पकडतो कशी, हे मला फार सुंदर वाटतं. आपल्याला वाटतं ती पिठाची चाळणी असेल, पण कागदाच्या तंतूंमधल्या फटी पकडलेल्या कित्येक कणांपेक्षा मोठ्या असतात. हवा तंतूला वळसा घालून जाते, जड कणाला मात्र तेवढं पटकन वळता येत नाही. गायमुखच्या वळणावर दुचाकी सहज वळते आणि वेगात आलेला भरलेला डंपर सरळ कठड्याला भिडतो, तसं. अगदी बारीक कणांचं उलट असतं. हवेचे रेणू त्यांना इतके ढकलतात की ते भरकटत भरकटत कुठल्यातरी तंतूला चिकटतात. दोन्ही सापळ्यांतून जास्त निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे.

साचलेली धूळही गाळणीचंच काम करते. म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, फक्त हवा ओढायला जोर जास्त लागतो. म्हणूनच कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारणं मला पटत नाही. हा उपयोगी थर जातो, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडू शकतात आणि उलट्या बाजूने हवा मारली तर धूळ स्वच्छ बाजूला बसते. हलकेच आपटून सुटी धूळ झाडावी, तेवढं पुरे. मी दर १० हजार किलोमीटरला फिल्टर उघडून बघतो आणि २० हजारांच्या आसपास बदलतो. त्याहून लवकर बदलण्यात मला अर्थ दिसत नाही.

फिल्टर बदलला की अ‍ॅव्हरेज वाढतं, हा समज मात्र कार्बुरेटरच्या काळातला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले. इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. आलेली हवा बघून संगणक तेवढंच पेट्रोल सोडतो, आणि कमी पडलेला जोर आपण अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबून भरून काढतो.

गाडीत बसणाऱ्यांची हवा गाळणाऱ्या एसी फिल्टरचा हिशेब पुन्हा वेगळा. तो ना किलोमीटरचा ना लिटरचा, पंखा किती तास चालला त्याचा आहे. तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरच्या घरी पाच मिनिटांत निघतो. पावसाळ्यात तो दमट होतो, पानं-कचरा अडकतो, बुरशीचा वास येतो, आणि लगेच पुढे हिवाळ्याची धूळ सुरू होते. म्हणून मी तो दसऱ्याच्या सुमारास बदलतो. तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यातून रोज जाणाऱ्यांनी कार्बनचा थर असलेला घ्यावा. साधा फिल्टर वास अडवत नाही. कार्बनची वास शोषण्याची ताकद कागद तुंबण्याआधीच संपू शकते, तेव्हा वास यायला लागला की तो बदलायचा.

ऑइल फिल्टर दर वेळी ऑइलबरोबरच बदलावा. तो तुंबला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जाऊ लागतं. समोर दिवा लागत नाही, काही जाणवतही नाही. डिझेल गाडीच्या इंधन फिल्टरखाली पाणी साचतं, ते पुस्तिकेप्रमाणे काढून टाकावं.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर त्याच दिवशी एअर फिल्टरचं झाकण उघडा. कागद भिजला असेल तर तो वाळवून परत बसवू नका. आणि फिल्टर कधीही बदलला तरी झाकणाच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूने पांढरं फडकं फिरवून बघा. फडक्यावर धूळ आली तर रबराची कड नीट बसलेली नाही आणि हवा फिल्टरच्या बाजूनेच आत जाते आहे. माझ्या फडक्यावर आली होती. नव्या फिल्टरची एक क्लिप अर्धीच लागली होती.