बिडाचा तवा आणि किंचाळणारा ब्रेक

रात्रभर कोसळून पाऊस सकाळी उघडला होता. गाडी बाहेर काढली, फाटकापाशी ब्रेकवर पाय ठेवला आणि तिने असा सूर लावला की समोरच्या गच्चीवरचे पारवे उडाले. शेजारचे काका ओट्यावर पेपर वाचत होते. "काहून जी, ओरडून रायली न गाडी तुमची? उन्हाळ्यात पॅड जळले असतील. नागपूरचं ऊन हाय बाप्पा!"

नागपूरच्या उन्हाच्या नावावर आपण काहीही खपवतो, पण या प्रकरणात ते निर्दोष आहे. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबून ती थांबवली की त्यातल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. दोन-अडीच कप चहाचं पाणी उकळायला पुरेल एवढी ही उष्णता काही सेकंदांत चार चाकांमध्ये वाटली जाते, त्यातही पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला जास्त येते. सेमिनरी हिल्सच्या उतारावर ब्रेक सारखा दाबत उतरलात, तर डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि ब्रेकचे पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबतात ती तबकडी, शंभर-दोनशे अंश सहज गाठेल. बाहेर ४५ अंश आहेत की १५, याने तिला फारसा फरक पडत नाही.

तिला फरक पडतो तो पाण्याने, कारण डिस्क बिडाची असते. आजीच्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा आठवा. ओला ठेवला की सकाळी त्यावर तांबूस थर आलेलाच. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कचं तेच होतं. पहिल्या दोन-चार ब्रेकांत पॅड तो गंज खरवडून काढतात आणि तेवढा वेळ आवाज येतो. लॉ कॉलेज चौकापर्यंत जाऊन तो थांबत असेल, तर काहीही करायचं नाही. खरंच काही नाही.

मग डिस्क गंजणाऱ्या बिडाचीच का करतात? पुन्हा स्वयंपाकघरातच चला. स्टीलच्या ताटावर चमचा मारला तर ते बराच वेळ झणझणतं. बिडाच्या तव्यावर मारला तर नुसतं 'ठक्क'. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात, ते कंपनं गिळून टाकतात. शिवाय बीड उष्णता सोसतं आणि स्वस्त पडतं. ब्रेक वाजू नये म्हणूनही बीड वापरतात, आणि तरीही तो वाजतो.

कारण ब्रेकचं किंचाळणं हा नुसत्या घासण्याचा आवाज नाही. शाळेतला फळा आठवतो? नवा लांब खडू फळ्यावर काटकोनात धरला की अंगावर काटा आणणारी किंकाळी यायची. सर काय करायचे? खडू मोडून अर्धा करायचे किंवा थोडा तिरपा धरायचे. फळा तोच, खडू तोच, तरी आवाज बंद. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि या झटक्यांनी अख्खा खडू थरथरायला लागतो. त्याची लांबी किंवा कोन बदलला की ती थरथर टिकत नाही.

ब्रेकमध्ये खडूच्या जागी पॅड आणि फळ्याच्या जागी फिरती डिस्क. फरक एवढाच की इथे डिस्क, पॅड आणि त्यांना धरणारा कॅलिपर असे तिघेही थरथरू शकतात. त्यातल्या दोघांची थरथर एकमेकांशी जुळली की ती फिरत्या चाकाची ऊर्जा ओढून घेते आणि वाढत जाते. मग डिस्क झांजेसारखी वाजते. हा आवाज साधारण १,००० ते १६,००० हर्ट्‌झमध्ये कुठेही असू शकतो, आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो तो त्यातल्याच २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. म्हणून एवढ्याशा कंपनाने अख्खी गल्ली जागी होते. हे दुखणं जुनं आहे. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचे तांब्याचे पॅड डिस्कवर घासले की कानठळ्या बसायच्या.

म्हणजे इलाज थरथर मोडण्यात आहे. तेल टाकण्यात नाही! कॉलेजात असताना स्कूटरच्या ब्रेकमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडण्याचा शहाणपणा मी केला आहे. आवाज गेला, ब्रेकही गेला, आणि सीताबर्डीत एका भाजीच्या ठेल्याने मला थांबवलं. डिस्क ब्रेकचा पॅड असो की ड्रम ब्रेकमधला लायनर, त्यात तेल मुरलं की तो फेकायचाच.

आधी कान द्या. हलका ब्रेक दाबल्यावर बारीक, उंच सूर येत असेल, तर घाईचं कारण नाही. ब्रेक न दाबताही चाकाबरोबर चीं-चीं फिरत असेल, तर पॅड बघायलाच हवेत. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजून २-३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. कधीकधी मात्र डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडाही असाच वाजतो आणि उगाच घाबरवतो. जाडसर करकर येत असेल आणि पायाला खरखर लागत असेल, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. ती गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पहिल्या प्रकारचा आवाज घरी घालवता येतो. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा. पण नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली स्टँड द्या आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवा. कॅलिपर सुटला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या पॅडमध्ये फुप्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा.

आता पॅड हातात घ्या. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर सपाट जागी घासपेपर ठेवून त्यावर पॅड फिरवा, चकाकी जाईपर्यंतच. पॅडच्या पाठीवर पातळ पत्रा असतो, बऱ्याचदा रबराचा थर दिलेला. झणझणत्या ताटावर तळहात ठेवावा तसं त्याचं काम. तो निसटला असेल तर तीच मेख. पत्रा शाबूत असेल, तर पाठीला आणि पॅड जिथे सरकतो त्या कडांना ब्रेकसाठीचं ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. घासणाऱ्या बाजूला कणभरही नको.

आणि कॅलिपरच्या पिना बघायला विसरू नका. त्या कोरड्या पडल्या की कॅलिपर मोकळा सरकत नाही आणि पॅड एका बाजूनेच दाबला जाऊन किंचाळतो. एका गॅरेजमध्ये मला दोन्ही डिस्क बदलायला सांगितल्या होत्या. दुखणं एका वाळलेल्या पिनेत होतं. या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने त्यांची रबरी टोपणं फुगतात.

मागे बहुतेक छोट्या गाड्यांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतो. त्यातलं स्प्रिंगांचं जंजाळ मी स्वतः मेकॅनिककडेच सोपवतो.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पाय थेट तळाला जाईल. मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत ब्रेक दाबत या, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ देत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की दोघांची जोडी जमते.

त्या रविवारी हे सगळं करून मी परत आलो. फाटकापाशी ब्रेक दाबला, आवाज नाही. काकांनी पेपरवरून मान वर केली.

"बदलले न पॅड?"

"नाही काका, घासले फक्त."

"मंग माह्या स्कुटीचेबी घासून दे न बाप्पा," म्हणत ते चपला शोधायला उठले.