बिकिनीवर मीटर धरायचा कुठे?

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने 1946 ते 1958 या काळात 67 अणुचाचण्या केल्या. त्यांतल्या 23 बिकिनी या प्रवाळबेटांच्या वलयावर झाल्या. 1 मार्च 1954 ची ‘कॅसल ब्राव्हो’ सर्वांत मोठी. अंदाज सहा मेगाटनांचा होता, प्रत्यक्षात स्फोट झाला पंधराचा. तिथे आता किती किरणोत्सर्ग उरलाय? ते किरणोत्सर्ग मोजणारा मीटर कशाला लावता यावर ठरतं.

कमरेच्या उंचीवर धरलेला मीटर मुख्यतः अणुस्फोटातून मातीत उरलेल्या सिझियम-137 या किरणोत्सर्गी द्रव्याचे गॅमा किरण टिपतो. प्रवाळी चुनखडीत थोरियम-पोटॅशियमसारखा नैसर्गिक किरणोत्सर्ग देणारा ऐवज नावापुरताच असतो, त्यामुळे जे दिसतं ते बहुतेक बॉम्बचंच. किनाऱ्यावर आकडा खाली असतो, बेटाच्या मध्याकडे गेलं की चढतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या मोजणीत बिकिनी बेटावरची सरासरी वर्षाला 1.84 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) निघाली. अमेरिका आणि मार्शल बेटांनी मिळून ठरवलेली मर्यादा 1 आहे. म्हणजे जास्त, पण दोन दिवसांच्या पाहुण्याने धास्ती घ्यावी इतकं नाही.

आता नारळ घ्या. खोबरं वाळवून, डबीत भरून, शिशाच्या जाड भिंतींआड डिटेक्टरवर ठेवतात आणि तासन्‌तास मोजतात. पडद्यावर दोन सुळके उठतात : 1461 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे किरणाच्या ऊर्जेचं माप) निसर्गातल्या पोटॅशियम-40 चा, जो आपल्या कोकणातल्या नारळातही दिसेल, आणि 662 ला सिझियमचा. बिकिनीच्या मातीत पोटॅशियमची वानवा आहे. सिझियम रसायनदृष्ट्या त्याचा भाऊबंदच, म्हणून भुकेलेली मुळं तेच ओढून घेतात. तिथलंच पिकवून तिथलंच खाल्लं तर वर्षाला सुमारे 15 मिलिसिव्हर्ट अंगात जातील, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 1998 मध्ये म्हटलं. धोका ताटातून येतो, तो कमरेवरच्या मीटरला कळत नाही.

याची किंमत माणसांनी मोजली. 1968 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बेट राहण्यायोग्य असल्याचं जाहीर केलं, चाचण्यांसाठी हलवलेली काही कुटुंबं परतली. मग त्यांच्याच शरीरांची मोजणी झाली : माणूस डिटेक्टरसमोर स्थिर बसतो आणि अंगातल्या सिझियमचे किरण बाहेर मोजले जातात. आकडे वर्षागणिक चढत गेले. 1978 मध्ये सगळ्यांना पुन्हा हलवावं लागलं. मोजणी आधी शहाळ्यांची करायला हवी होती, असं मला स्पष्टच वाटतं.

सिझियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 30 वर्षांचं. पण पाऊस ते मातीतून धुऊन खाली नेतो, त्यामुळे तिथल्या झाडांमधलं प्रमाण साधारण साडेआठ वर्षांतच निम्मं होतं. ही खरी चांगली बातमी. बॉम्बमधल्याच प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य मात्र 24,100 वर्षं. ते गॅमा किरण जेमतेमच सोडतं, म्हणून त्याच्या सोबतच्या अमेरिशियम-241 चा मंद किरण पकडून अंदाज बांधतात. अंगात किती गेलं ते लघवीच्या नमुन्यातून शोधावं लागतं.

उपाय दोन सुचवले गेले. वरची माती खरवडून काढायची, किंवा झाडांना पोटॅशियम क्लोराइडचं खत घालायचं. खताने नारळातलं सिझियम दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. खरवडणं जास्त पक्कं वाटतं, पण प्रवाळाच्या बेटावर सुपीक मातीचा थर तेवढाच असतो. तो गेला की नवी माडाची बाग उभी राहायला कित्येक वर्षं जातात.