जांभळा रंग उडाला, पुढे काय?

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरतात, त्याच सुमारास आवळाही येतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अँटिऑक्सिडंट’ अर्कांच्या जाहिराती सुरू होतात. हे गुण खोटे नाहीत. पण ते कुठे मोजले, हे आधी विचारायला हवं.

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अस्थिर रेणू बनतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. इलेक्ट्रॉनची जोडी पूर्ण करण्यासाठी ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात, त्यात पेशीच्या आवरणाला, डीएनएला इजा होते. अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतात.

हा गुण तपासायची एक साधी पद्धत फार्मसीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. डीपीपीएच नावाचं रसायन, जे स्वतःच एक फ्री रॅडिकल आहे, मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं दिसतं. त्यात वनस्पतीचा अर्क घालून परीक्षानळी अर्धा तास अंधारात ठेवायची. अर्कात दम असेल तर जांभळा रंग फिका पडत पिवळसर होतो. किती फिका पडला, हे स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. आवळा आणि हिरडा इथे भाव खाऊन जातात, कारण दोन्हींत टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारी अँटिऑक्सिडंट रसायनं, भरपूर असतात. आवळ्यात त्याशिवाय क जीवनसत्त्वही असतं.

पण परीक्षानळीला आतडं नसतं, यकृतही नसतं! संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट घ्या. त्याला चिकटलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात, तेव्हा कुठे ते शोषलं जातं. पुढे यकृत त्याचं रूप बदलतं. रक्तात पोहोचतं ते थोडंसं, आणि तेही मूळ रूपात नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. त्याआधी, १९९४ मध्ये, फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. फळा-भाजीतून मिळणारं बीटा कॅरोटिन वेगळं आणि रोज घेतलेला मोठा डोस वेगळा.

आवळा खा, मुरंबा करा, लोणचं घाला. अर्काची बाटली घेताना मात्र माणसांवर चाचणी झाली का, किती मात्रेत, हे दुकानदाराला विचारा. आणि घरात कुणाची केमोथेरपी सुरू असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती बाटली उघडू नका.