ट्रेलर जोडला की टोल कसा मोजला जातो?

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन किंवा स्वतःच्या गाडीमागे राहण्याचा ट्रेलर जोडून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांमध्ये आता मराठी कुटुंबेही दिसतात. काचेवर ई-झेडपास किंवा सनपास या तिथल्या, आपल्या फास्टॅगसारख्या टोलयंत्रणेचा टॅग आहे आणि खात्यात पैसे आहेत, म्हणजे टोलची काळजी मिटली, असे निघताना सहज वाटते. साध्या मोटारीपुरते ते खरेही आहे. मात्र मागे ट्रेलर आला की चित्र बदलते, कारण काचेवरच्या त्या टॅगला आपल्या गाडीच्या मागे काय जोडले आहे याचा पत्ताच नसतो. तो फक्त खाते कोणाचे आहे एवढे सांगतो. वाहन केवढे आहे हे रस्ता ठरवतो, आणि दोघांचा मेळ बसतो की नाही हे कॅमेरा तपासतो.

टॅगचे काम मुळात साधे आहे. रस्त्यावरच्या कमानीवरील अँटेना ठरावीक वारंवारतेची रेडिओलहर सोडते आणि टॅग तिला आपला क्रमांक कळवतो. अशी कल्पना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५९ मध्येच वॉशिंग्टन शहरासाठी मांडली होती. ती रस्त्यावर यायला तीस वर्षे लागली: १९८९ मध्ये डॅलसच्या टोलरस्त्यावर अमेरिकेतील पहिले टॅग वापरात आले, आणि त्यामागचे तंत्र लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत अणुसामग्रीवर व गुरांवर लक्ष ठेवण्यासाठी झालेल्या कामातून आलेले होते. आपल्याकडच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरीतूनच ऊर्जा घेऊन त्यातली चिप उत्तर देते. ई-झेडपासच्या जाड डबीत मात्र बॅटरी असते आणि ती ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करते.

या वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. ती साध्या काचेतून आरपार जाते, पण धातूचा पातळ थर तिला अडवतो. काही मोटरहोमच्या समोरच्या भल्यामोठ्या काचेवर ऊन अडवण्यासाठी असा धातूचा थर दिलेला असतो. अशा काचेमागे टॅग ठेवला तर तो चालू असूनही कमानीला दिसत नाही. त्यासाठी बंपरवर किंवा नंबरप्लेटजवळ बाहेरून लावायचा टॅग मिळतो, आणि ज्यांची काच अशी आहे त्यांनी तोच मागून घ्यावा. काचेवर चिकटवायचा कागदासारखा पातळ टॅग एकदा सोलून काढला की निकामी होतो. त्यामुळे आज मोटारीत आणि उद्या मोटरहोममध्ये न्यायचा असेल तर डबीचा टॅगच सोयीचा.

आता रस्त्याकडे वळू. ताशी ५५ मैलांनी म्हणजे साधारण ८८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आणि तिचा ट्रेलर मिळून १५ मीटर लांबीचे असतील, तर ते कमानीखालून सुमारे ०.६ सेकंदात निघून जातात. तेवढ्या वेळात डांबरात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांमधून जाणारा विद्युतप्रवाह वरून जाणाऱ्या धातूमुळे बदलतो आणि वाहन कुठे सुरू झाले, कुठे संपले हे कळते. रस्त्यात बसवलेल्या दाब ओळखणाऱ्या पट्ट्या ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आस, मोजतात. वरून किंवा बाजूने लेसरचे किरण वाहनाचा आकार टिपतात, आणि गाडी व ट्रेलर यांच्यामधला जोडदांडा दिसला तर दोन वेगळी वाहने नसून एकच जोडी आहे हे यंत्रणा ओळखते. मोजणी ॲक्सलची होते, चाकांची नव्हे. एकाच ॲक्सलवर शेजारी-शेजारी दुहेरी टायर असतील तरी तो एकच ॲक्सल. एकामागे एक असलेल्या दोन चाकांचे मात्र दोन ॲक्सल धरले जातात.

या मोजणीचा पैशांत काय परिणाम होतो, ते फ्लोरिडात स्पष्ट दिसते. तिथे एकूण ॲक्सलमधून एक वजा करून येणाऱ्या आकड्याने दोन ॲक्सलच्या वाहनाचा दर गुणतात. मोटारीला एक डॉलर टोल असेल, तर दोन ॲक्सलचा ट्रेलर ओढणाऱ्या त्याच मोटारीला तीन डॉलर पडतात. न्यूयॉर्क राज्याच्या थ्रूवे या टोलमहामार्गावर ॲक्सलबरोबर उंचीही पाहतात. साडेसात फूट म्हणजे सुमारे २.२९ मीटर ही तिथली रेषा आहे, म्हणून केवळ दोन ॲक्सलचे पण उंच मोटरहोम मोटारीच्या वर्गात बसत नाही. एकाच टॅगवर दोन राज्यांतून जाताना हिशोबाची रीत बदलत असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सर्वांत जास्त घोळ मात्र नंबरप्लेटवरून होतो, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टॅग वाचता आला नाही तर कॅमेऱ्याने टिपलेल्या प्लेटवरून बिल निघते. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत गाडीला फक्त मागे प्लेट असते, आणि ट्रेलर जोडल्यावर कॅमेऱ्याला दिसते ती ट्रेलरची प्लेट. ती खात्यात नोंदवलेली नसेल, तर खात्यात पैसे असूनही टपालाने वेगळे बिल येते, आणि ते टॅगच्या सवलतीच्या दराने नसते. म्हणून प्रवासाआधी ट्रेलरची प्लेट खात्यात घालणे अत्यावश्यक आहे. भाड्याच्या मोटरहोमची प्लेटही घालावी, पण परत करताच ती काढून टाकावी. नाहीतर पुढच्या भाडेकरूचा टोल आपल्या खात्यातून कापला जाईल.

मोटरहोममागे छोटी मोटार ओढून नेणाऱ्यांनी तिच्या काचेवरचा टॅग काढून ठेवावा. कमानीने दोन्ही टॅग वाचले तर एकाच फेरीसाठी दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. ई-झेडपाससोबत धातूचा थर असलेली पिशवी येते, ती याच कामासाठी असते. मोटरहोमच्या काचेला जो धातू नडतो तोच इथे उपयोगी पडतो.

टॅग असला म्हणून प्रत्येक मार्गिका खुली होते असेही नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि उजवीकडच्या मार्गिकांमध्ये राहावे लागते. मायामीच्या ९५ क्रमांकाच्या महामार्गावरील जलद मार्गिकांमध्ये तीन किंवा अधिक ॲक्सलच्या ट्रकना मनाई आहे. अशा मार्गिकेच्या तोंडाशी असलेली पाटी वाचूनच आत वळावे.

प्रवासातून परतल्यावर खात्याचे विवरण उघडून प्रत्येक फेरीपुढे लिहिलेला वाहनवर्ग पाहावा. दाबपट्टी बिघडलेली असेल किंवा मागची गाडी फार जवळ आली असेल, तर एखादा ॲक्सल जास्त धरला जाणे शक्य असते. ट्रेलर न जोडता केलेल्या फेरीला चार ॲक्सलचा दर लागला असेल, तर तारीख, वेळ आणि कमानीचे ठिकाण देऊन तक्रार करावी. त्या वेळचा फोटो यंत्रणेकडे असतो, आणि त्यावरूनच निवाडा होतो.