पाळीव सापांच्या उतारवयातील दातांच्या व खाण्याच्या तक्रारी

पाळलेल्या सापाचे वय वाढल्यावर दात, हिरड्या, जबडा आणि गिळण्याची क्रिया यांत होणारे बिघाड, तसेच त्यापायी खाणे कमी होणे वा बंद पडणे, यांचा विचार या नोंदीत केला आहे. चांगली निगा राखली तर साप पुष्कळ जगतात. कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप १५ ते २० वर्षे आणि बॉल पायथन हा लहान जातीचा अजगर २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातला ‘पॉपाय’ नावाचा बोआ (अजगरासारखा मोठा बिनविषारी साप) १९७७ मध्ये मेला तेव्हा त्याने वयाची चाळिशी ओलांडली होती. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये अंडी घातलेली बॉल पायथनची मादी किमान ६२ वर्षांची असावी, असा तिथल्या तज्ज्ञांचा अंदाज होता. इतके आयुष्य असलेल्या प्राण्याने खाणे सोडले की पालक बहुतेकदा ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतात, आणि उपचाराची वेळ तिथेच निघून जाते. सापाचे खाणे नुसत्या वयाने थांबत नाही. त्यामागे काही ना काही कारण असते आणि बऱ्याचदा ते शोधता येते.

बहुतेक बिनविषारी सापांच्या तोंडात दातांच्या सहा रांगा असतात. खालच्या जबड्यावर दोन आणि वर चार, त्यातल्या दोन टाळूच्या हाडांवर. दात सुईसारखे बारीक व घशाकडे वळलेले असतात. त्यांचे काम चावण्याचे नसून भक्ष्य धरून ठेवण्याचे आणि आत ओढण्याचे आहे. गिळताना टाळूवरची डावी व उजवी हाडे आळीपाळीने पुढे सरकतात, दात रुतवतात आणि मागे येतात. एक बाजू पकड धरते तोवर दुसरी पुढचा भाग गाठते. साप जबडा निखळवून गिळतो ही समजूत चुकीची आहे. खालच्या जबड्याची दोन टोके पुढे हाडाने जोडलेली नसून लवचिक अस्थिबंधाने जोडलेली असतात आणि मागचा सांधा फार मोकळा असतो, म्हणून तोंड एवढे उघडते.

सापाला आयुष्यभर नवे दात येतात. वापरातल्या प्रत्येक दाताच्या आतल्या बाजूला पुढचे दात तयार होत असतात. जुना दात पडला की नवा त्याची जागा घेतो. पडलेला दात भक्ष्याबरोबर पोटात जातो, विष्ठेत सापडतो, कधी पाण्याच्या भांड्यात दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. माणसासारखी दातकीडही सापांत सहसा दिसत नाही. सरड्यांच्या काही कुळांत, उदाहरणार्थ बिअर्डेड ड्रॅगन व शॅमेलिऑन यांच्यात, जबड्याच्या कडेवरचे दात पुन्हा येत नाहीत आणि म्हातारपणी हिरड्यांचा आजार बळावतो. तो अनुभव सापाला लावणे बरोबर नाही. म्हाताऱ्या सापात दुखणे दातापेक्षा दात ज्यात रुजतो त्या हिरडीचे आणि हाडाचे असते.

मुखपाक, म्हणजे तोंडाच्या आतला जंतुसंसर्ग व दाह, ही यातली सर्वांत नेहमीची व्याधी. सर्पपालक तिला माउथ रॉट म्हणतात. काचेवर सतत नाक घासणे, जिवंत उंदराचा चावा किंवा हिरडीत मोडून राहिलेला दात यांमुळे जखम होते आणि एरवी तोंडात निरुपद्रवी राहणारे स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे जीवाणू तिथे वाढतात. निरोगी तोंड आतून फिकट गुलाबी आणि ओलसर असते. आजाराच्या सुरुवातीला हिरडीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. मग लाळ दाट होऊन तारा धरते, ओठांची कड सुजून तोंड नीट मिटत नाही, आणि दातांच्या रांगेलगत पिवळट, चुरा होणारा पू साचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी विकरे नसल्याने तो पनीरासारखा घट्ट राहतो. त्यामुळे गळू फोडून तो वाहून जात नाही, भूल देऊन खरवडूनच काढावा लागतो. दुर्लक्ष झाले तर संसर्ग जबड्याच्या हाडात, फुप्फुसात आणि रक्तात पोचतो.

उतारवयात हे का बळावते, याचे उत्तर बऱ्याचदा तोंडाबाहेर मिळते. सापाची प्रतिकारशक्ती आणि पचन दोन्ही उष्णतेवर चालतात. बॉल पायथनला पेटीत ३१ ते ३३ अंश सेल्सिअसची एक उबदार जागा लागते. पाठीचे मणके जुळून ताठर झालेला म्हातारा साप उंचावरच्या ऊबदार फळीपर्यंत चढू शकत नाही, थंड कोपऱ्यात पडून राहतो, आणि तापमापक योग्य आकडा दाखवत असतानाही साप मात्र गारच असतो. अशा सापासाठी ऊब जमिनीलगत आणणे हा उपचाराचाच भाग आहे. वारंवार उलटणाऱ्या मुखपाकामागे विषाणूही असू शकतो. अजगरांतील सर्पेंटोव्हायरस आणि बोआंतील इन्क्लूजन बॉडी डिसीज यांची तपासणी त्यासाठी करतात.

उपचारात पुवातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखतात आणि त्यानुसार इंजेक्शनने प्रतिजैविक देतात. सेफ्टाझिडीमसारखे औषध सापाच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून ते साधारण ७२ तासांनी एकदा पुरते. म्हाताऱ्या सापाची मूत्रपिंडे अनेकदा आधीच थकलेली असतात. काही प्रतिजैविके व वेदनाशामके त्यांना मारक ठरतात, त्यामुळे आधी रक्त तपासून घेणे आणि शरीरातले पाणी भरून काढणे महत्त्वाचे. घरी तोंड धुताना कापसाचा बोळा वापरू नये, त्याचे धागे मागे वळलेल्या दातांत अडकतात. तोंड उघडायला धातूची वस्तूही वापरू नये.

साप खात नाही एवढ्यावरून मात्र आजार ठरवता येत नाही. कात टाकण्यापूर्वी, विणीच्या हंगामात किंवा थंडीत धडधाकट बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतो. खरी खूण वजनाची. नियमित वजन घेऊन नोंद ठेवावी. १० टक्क्यांहून अधिक घट झाली किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला तर वाट पाहू नये. साप खाणे नाकारतो कसा, तेही बघावे. भक्ष्याकडे जीभ लवलवतच नसेल तर भूक वा वास घेण्याची क्षमता गेली असावी. झडप बाजूने जात असेल तर डोळ्यांवर कातीचा जुना पापुद्रा अडकला आहे का ते पाहावे. भक्ष्य धरून लगेच सोडून देणे, डोके एका बाजूला झटकणे, गिळता गिळता अर्ध्यावर थांबणे ही तोंड दुखत असल्याची लक्षणे आहेत.

आहारातले बदल साधे पण गुणकारी असतात. जिवंत भक्ष्य कायमचे बंद करावे. सापाला चपळाई उरलेली नसते आणि उंदराचा एक चावा महागात पडतो. गोठवलेले भक्ष्य पूर्ण वितळवून, कोमट पाण्यात ३८ ते ४० अंशांपर्यंत गरम करून द्यावे, विशेषतः त्याचे डोके. आकार नेहमीपेक्षा लहान ठेवावा. एक मोठा उंदीर पचवण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने दोन लहान पचवणे शरीराला सोपे जाते. घशात अडकलेले भक्ष्य ओढून काढू नये, दात मोडतात आणि हिरडी फाटते. सापाने खाल्लेले ओकून टाकले तर जठरातल्या आम्लाने अन्ननलिका भाजते, म्हणून १० ते १४ दिवस काही न देता मग अगदी छोटे भक्ष्य द्यावे. पुन्हापुन्हा ओकणाऱ्या आणि शरीराच्या मध्यभागी फुगवटा आलेल्या सापात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संशय घ्यावा. त्याने जठराची भिंत जाड होते आणि खात्रीचा उपाय नाही. असा साप तातडीने इतरांपासून वेगळा ठेवतात.

नळीने अन्न घालणे हा शेवटचा मार्ग. आधी सापाला ऊब आणि पाणी देतात, नंतर तेलकट केलेली मऊ नळी तोंडाच्या तळाशी पुढेच दिसणाऱ्या श्वासद्वाराला चुकवून सरकवतात. दीर्घ उपासानंतर पहिले खाणे पातळ आणि अगदी थोडे असावे, एकदम भरपूर दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून साप दगावू शकतो.

म्हाताऱ्या सापांत गाठी व कर्करोग वारंवार आढळतात आणि तोंडातली गाठ सुरुवातीला हुबेहूब मुखपाकासारखी दिसते. प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम होऊनही सूज उतरत नसेल तर मांसाचा तुकडा तपासायला पाठवणे भाग आहे. जबड्याचे हाड पोखरले गेले असेल आणि गिळणे अशक्य झाले असेल तर पशुवैद्य वेदनारहित मरणाचा सल्ला देतात. सापाचा मेंदू प्राणवायूशिवायही बराच वेळ जिवंत राहतो, त्यामुळे आधी पूर्ण भूल आणि मगच अंतिम इंजेक्शन हा क्रम पाळावा लागतो. गोठवून मारणे किंवा नुसता शिरच्छेद करणे यात वेदना राहतात.