फर्निचर लांब नेण्यासाठी ट्रेलर निवडताना

कपाटे, पलंग, सोफे दूरवर न्यायचे असले की ट्रेलर पाहताना लक्ष प्रथम त्याच्या आकाराकडे जाते, आणि ते योग्यही आहे, कारण फर्निचर जागा पुष्कळ अडवते. त्या मानाने त्याचे वजन कमी असते. सामान हलवण्याच्या व्यवसायात एक घनमीटर घरसामानाचे वजन सुमारे ११० किलो धरतात. त्या हिशेबाने १२ घनमीटरचा ट्रेलर पूर्ण भरला, तरी आतला भार १,३०० किलोंच्या आसपास राहतो. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजन मिळवून येणारी बेरीज ओढणाऱ्या गाडीच्या क्षमतेत बसलीच पाहिजे.

माझ्या मते मात्र निवडीचा खरा निकष स्थिरता हा आहे. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे ट्रेलर बाजूला ढकलला जातो, तेव्हा तो जोडणीभोवती डावीउजवीकडे हेलकावू लागतो. कमी वेगात टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण हे हेलकावे लवकर शमवते. वेग वाढत जातो तसे ते शमायला अधिक वेळ लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जाऊन गाडी चालकाच्या ताब्यातून सुटू शकते. ट्रेलरचे वस्तुमानकेंद्र आसाच्या मागे गेले, तर ही मर्यादा धोकादायकरीत्या खाली येते. याच कारणाने उत्तर अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा, असा संकेत आहे; अन्यत्र उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे, तळाशी ठेवाव्यात. दोन टोकांना विभागलेले वजन एकदा हेलकावू लागले की आवरणे कठीण जाते. पुढचा दांडा लांब असलेला, दोन आसांचा ट्रेलर या बाबतीत सरस ठरतो.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. गरजेपेक्षा उंच खोका इंधन खातो, तो यामुळेच.

लाकडासाठी बंद ट्रेलर चांगला, पण त्याला हवा खेळण्याची सोय हवी, नाहीतर रात्री थंड झालेल्या छताच्या आतल्या बाजूला बाष्प साचून त्याचे थेंब सामानावर पडतात. क्षमता फार मोठी असली, तर जड भारासाठी बनवलेल्या ताठर स्प्रिंगा हलक्या सामानाखाली पुरेशा दबत नाहीत, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट फर्निचरच्या सांध्यांपर्यंत पोहोचतो.